उलटा पीळ

काटेल धोबिणीइतकं फटकळ तोंड फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या त्या गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तिन्हीसांजेला तळ्यावर भुतं धुणं धुतात म्हणून बाकीच्या बायका लवकर घरी पळत. काटेल त्या भुतांच्याच शेजारी कपडे आपटत बसे. चौघी होत्या, जमीनदाराच्या एकामागून एक ‘तापाने’ गेलेल्या बायका. प्रत्येकीच्या झग्यावर गळ्याशी रक्ताचा डाग.

“गरम पाण्यात रक्त निघतं का कधी?” काटेल खेकसायची.

“थंड पाण्यातही निघत नाही, बाई,” थोरली म्हणायची. “नवऱ्याच्या हातचा आहे.”

भुतांबरोबर कपडा पिळताना ती फिरवतील तिकडेच फिरवायचा; उलटा पीळ दिला की माणूसच पिळून निघतो, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. जमीनदाराच्या गढीत मात्र असल्या गोष्टी कोण सांगणार?

एके दिवशी धाकटीने पाचवा झगा आणला. नवा कोरा.

“हा कुणाचा गं?”

चौघींनी माना खाली घातल्या. दुसऱ्याच दिवशी जमीनदाराने एनोराला मागणी घातली. बहिणीच्या माघारी काटेलने वाढवलेली ती एकुलती पोर.

“मावशी, पळून जाऊ या,” कुट्टूच्या पिठाचं धिरडं उलटता उलटता एनोरा रडू लागली.

“आपण का पळायचं? आपण काय केलंय?”

काटेल तडक गढीवर गेली. “सरकार, लग्नाची चादर नवरदेवाने पिळायची असते. आमच्यात रीतच आहे.” ही रीत तिने फाटकाशी उभ्याउभ्या रचली होती.

“चादर? मी पिळू?” त्याने मिशीला पीळ दिला.

“मनगटात जोर नसेल तर कोचवानाला पाठवा.”

झोंबलंच ते. संध्याकाळी धुक्यात सरकार तळ्यावर हजर! डोक्यावरच्या रुमालाआड तोंडं झाकलेल्या चौघींनी चादरीचं एक टोक धरलं होतं.

“या कोण?”

“तुमच्याकडच्याच आहेत. धरा टोक. मर्दासारखा उलटा पीळ द्या.”

त्याने दिला. आधी बाह्या पिळल्या गेल्या, मग हात, मग सरकार. मिशीचा पीळ तेवढा सुटला.

थोरलीने आपला झगा वर धरून पाहिला. “निघाला गं!” म्हणाली, आणि चौघी धुक्यात दिसेनाशा झाल्या. पाचवा झगा दगडावरच राहिला.

सकाळी एनोरा बघते तो काटेल त्याची फडकी करत बसलेली.

“अगं मावशी, नवा कोरा झगा होता! फाडलास कशाला?”

“तुझ्या मापाचा नव्हता,” काटेल म्हणाली. तो अगदी एनोराच्याच मापाचा होता. काटेलने त्याची चिंधीसुद्धा अखंड ठेवली नाही.