वामन मास्तरांची बिनपरवान्याची शाळा

कुसळीच्या रानातून चालून आलं की धोतराला कुसळं चिकटतात. ओट्यावर बसून एक उपटावं, तर त्याच्या शेजारी दुसरं दिसतं, दुसऱ्याखाली तिसरं. आमच्या शाळेच्या गोष्टींचं तसंच आहे. आम्ही उरलेले चार-पाच जण अंबडच्या बसस्टँडवर भेटलो की कुणीतरी एक गोष्ट काढतो, आणि मग दोन बसगाड्या निघून गेल्या तरी कुणी उठत नाही. आता हसतो. तेव्हा मात्र हातपाय गार पडायचे!

मी त्या शाळेचा शिपाई. धोंडिबा. स्वतः शाळेत कधी गेलो नव्हतो. बावीस वर्षांचा गडी आणि काम एकच, दारात बसून रस्ता बघायचं. हैदराबाद राज्याची ती शेवटची तीन-चार वर्षं. खाजगी शाळा काढायची तर परवाना लागायचा. आमच्या पाटलांनी अंबडला अर्ज दिला, तिथून तो वर गेला आणि वरच राहिला. शेवटी पाटलांनी वाट बघणं सोडलं, मळ्यातलं कोठार रिकामं केलं आणि वडीगोद्रीहून वामन मास्तरांना आणलं. सापडलो तर कोठाराला कुलूप आणि मास्तर हवालातीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यात जास्त मास्तरांना.

*

पहिल्या दिवशी पाटलांनी बारा पोरं आणि त्यांचे आईबाप कोठारात बसवले. मास्तर उभे राहिले. काडीसारखा माणूस. तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पडेना! घाम मात्र पडत होता. चार माणसं समोर बसली की त्यांचा घसा बंद व्हायचा, हे आम्हाला तेव्हा कळलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाटील खाकरले. मास्तर खाली बसले आणि सगळ्यात थोरल्या किसनजवळ सरकले. त्याच्या पुढ्यात धूळपाटी होती, म्हणजे फळीवर पसरलेली बारीक माती. तिच्यावर मास्तरांनी बोटानं एक अक्षर काढलं आणि किसनच्या कानात काहीतरी सांगितलं. किसननं ते शेजारच्या रंगाला दाखवलं. रंगानं गोदाला.

पाटील वैतागले. "मास्तर, या काय कानगोष्टी करून राह्यले? शाळा कव्हा सुरू करता?"

मास्तर हळूच म्हणाले, "पाटील, ती तिसऱ्या पोरापर्यंत गेली पण!"

तीच पुढं आमच्या शाळेची रीत झाली. मास्तर फक्त किसनला शिकवायचे. किसननं रंगाला शिकवायचं, रंगानं गोदाला, असं उतरत उतरत सगळ्यात धाकट्या यमूपर्यंत. ज्याला दुसऱ्याला सांगता आलं नाही, त्याला ते आलंच नाही असं धरायचं.

*

रस्त्यावर खाकी कपडा दिसला की मी तीनदा खोकायचं, असं ठरलं होतं. खोकला ऐकला की पोरांनी धूळपाटीवर हात फिरवायचा आणि मागच्या दारानं कापसाच्या रानात पांगायचं. मास्तरांनी कोपऱ्यातल्या धान्याच्या रिकाम्या कणगीत उतरायचं.

थंडीच्या दिवसांत मला खराखुरा खोकला झाला. सकाळी एकदा शाळा पळाली. मी पोरांना हाका मारून गोळा केलं, माफी मागितली आणि माफी मागता मागता पुन्हा खोकलो. पुन्हा रान! दुपारपर्यंत पाचदा झालं. पोरांना मजा वाटायला लागली, पण मास्तर दर वेळी खरंच भ्यायचे. सहाव्या वेळी ते कणगीतून वर येईनातच.

आतून आवाज आला, "धोंडिबा, गेले का?"

"कोणी आलंच न्हाई, मास्तर. मलाच ढास लागली."

"असं तू दर वेळेस म्हणतो," आतून उत्तर आलं. "एखाद्या वेळेस तुझ्या मानेवर बंदूक ठेवून कुणी म्हणायला लावलं तर?"

पाटलांनी स्वतः घरून अडुळशाचा काढा आणून मला पाजला. वर म्हणाले, "बरा हो जल्दी. न्हाई तं सरकारच्या आधी तूच शाळा बुडवशील!"

*

मास्तर मारत नाहीत म्हणून आईबाप नाराज होते. किसनचा बाप गंगाराम एके दिवशी निरगुडीची ओली छडी घेऊन आला. "मास्तर, घ्या. पोरगं भ्यालं तरच शिकतं. आम्हाला आमच्या बापानं मारू मारू नांगर शिकवला."

मास्तरांनी छडी घेतली. मला वाटलं, आता किसनचं काही खरं नाही. मास्तर म्हणाले, "गंगारामभाऊ, तुम्ही बसा की थोडं." गंगाराम बसला. मास्तरांनी त्याच्यापुढं धूळपाटी ठेवली, किसनला म्हणाले, "आजचं अक्षर तुझ्या बापाला शिकव," आणि स्वतः छडी घेऊन गंगारामच्या मागं उभे राहिले.

किसननं अक्षर काढून दाखवलं. साधंच होतं. गंगारामनं बोट मातीत ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. मान आखडली, कान लाल झाले. आख्खं शिवार नांगरणारा माणूस, पण त्याचं बोट तसूभर सरकेना. घडीघडी मागं बघायला लागला.

शेवटी म्हणाला, "मास्तर, तेवढी छडी खाली ठेवा हो. माझं सारं ध्यान तिच्याकडंच जाऊन राह्यलं!"

"बरं," मास्तर म्हणाले आणि छडी खाली ठेवली. गंगारामनं अक्षर गिरवलं, वाकडं का होईना. जाताना छडी उचलून घेऊन गेला. पुढं ती त्याच्या अंगणात वालाच्या वेलाला टेकू म्हणून लावलेली मी पाहिली.

*

यमू सहा वर्षांची होती. सगळ्यात धाकटी, त्यामुळं तिच्या खाली शिकवायला कुणी नाही. एक दिवस तिनं भोकाड पसरलं. "समद्यायला कोणी ना कोणी हाये. मलाच न्हाई!"

मास्तरांनी इकडं तिकडं बघितलं आणि दाराकडं बोट केलं. म्हणजे माझ्याकडं.

खोटं कशाला सांगू, मला खाकी कपड्याची जितकी भीती वाटायची तितकीच त्या पोरीची वाटायला लागली. ती माझं बोट मुठीत धरून मातीत फिरवायची. चुकलं की नाक फुगवायची. घरी मी भाकरी खाताना ताटातल्या पिठावर गिरवायचो आणि बायको तोंडाला पदर लावून हसायची.

एकदा मी एकच अक्षर चारदा चुकलो. यमू उठली, कमरेवर हात ठेवले. "धोंडूदादा, तुमाला शिक्षा! जा, दारात जाऊन बसा!"

मी म्हणालो, "बाई, मी दारातच बसेल हाये!"

*

एका बाजारच्या दिवशी पोलिसांचा जवान आला, पाटलांच्या हातात कागद देऊन निघून गेला. कागद उर्दूत. गावात उर्दू वाचता येणारं कुणी नाही, मास्तरांनाही येत नव्हतं. खाली मोठा गोल शिक्का. पाटलांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "आली नोटीस."

मास्तरांनी पिशवी भरली. गोदाच्या आईनं हवालातीत खायला म्हणून दशम्या केल्या. पोरं ओळीनं येऊन मास्तरांच्या पाया पडली. यमू तर तीनदा पडली. मास्तरांनी किसनला बाजूला घेऊन पुढचे धडे भराभर सांगायला सुरुवात केली. एका दिवसात महिनाभराचे! किसन रडत रडत मान हलवत होता.

तोवर पाटलांनी मला कागद देऊन अंबडला पिटाळलं. तिथल्या सरकारी शाळेतले मौलवी साहेब भले माणूस म्हणून ऐकून होतो. मौलवींनी चष्मा लावला, कागद वाचला, माझ्याकडं बघितलं.

"इत्ते घबराए क्यों हो भाई? बैलों को सुई टोचने वाले आ रहे हैं. बैल बांध के रखना."

मी परत धावत आलो आणि सांगितलं. कुणाला खरं वाटेना. मग पाटील खाली बसले. "सकाळपासून आख्खं गाव रडून राह्यलं," ते म्हणाले, "अन् सरकारला आमच्या बैलाची काळजी!"

दशम्या आम्हीच खाल्ल्या.

*

मौलवी साहेबांनी त्या दिवशी मला जास्त काही विचारलं नव्हतं. पण बैलांच्या कागदासाठी एवढा घाबरलेला माणूस बघून त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. तीर्थपुरीच्या बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर त्यांनी मास्तरांच्या नावानं पुडकं पाठवलं. मास्तरांनी ते तीन दिवस उघडलं नाही. कणगीवर ठेवून लांबून बघायचे. चौथ्या दिवशी किसननं दोरा तोडला. आत पांढऱ्या खडूच्या कांड्या!

पोरं नाचली. मास्तर मात्र खाली बसले. "खडू आला," ते बारीक आवाजात म्हणाले. "म्हणजे आता फळा आणावा लागणार. आणि फळ्यापुढं उभं राहावं लागणार!"

*

पुढच्या उन्हाळ्यात हसू कमी झालं. शेजारच्या गावातली अशीच एक शाळा बंद झाली. तिथल्या मास्तरांना बैलगाडीत बसवून नेलं आणि ते कुठं आहेत हे त्यांच्या घरच्यांनाही कळेना. वामन मास्तरांचं जेवण तुटलं. पाटील म्हणाले, "मास्तर, थोडे दिवस गावी जाऊन या." मास्तर म्हणाले, "किसनचा जोडाक्षराचा धडा अर्धा राहिलाय." तो झाला की दुसरा अर्धा निघायचा.

मी अंबडच्या रस्त्यावरची नजर काढत नव्हतो. आणि अमीन साहेब, म्हणजे आताच्या भाषेत फौजदार, एके दिवशी गाडी लांब ठेवून, एक जवान बरोबर घेऊन ओढ्याच्या अंगानं, रानातून पायी आले. मी खोकलो नाही. खोकायला वेळच मिळाला नाही. मागच्या दारातून बूट वाजले, तेव्हा पोरं धूळपाट्यांवर वाकलेली होती आणि मास्तर किसनजवळ मांडी घालून बसलेले होते.

अमीन साहेब उंच, जाड मिशांचे. त्यांनी सगळ्या धूळपाट्या बघितल्या. मग आम्हा दोघा मोठ्या माणसांकडं बघितलं. एक दारात, एक पोरांत. दोघांच्या अंगावर सारखीच मळकी धोतरं.

"इसमें मास्टर कौन?"

पोरांनी माना धूळपाट्यांत घातल्या.

"ठीक है," ते म्हणाले. खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. "बच्चे झूट नहीं बोलते." आणि सगळ्यात धाकटीपुढं जाऊन उभे राहिले. "बेटी, तेरे कू कौन पढ़ाता?"

यमूनं बोट केलं. "चंपाक्का."

त्यांनी तिचं नाव विचारून आधी ते लिहिलं, त्याखाली चंपाचं. चंपाकडं गेले. "तेरे कू?"

"भीमा."

भीमानं दुसऱ्याचं नाव घेतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पेन्सिल चालत होती. सातव्या-आठव्या नावाला ती जरा हळू झाली. गोदानं रंगाकडं बोट केलं, रंगानं किसनकडं. अमीन साहेब किसनपुढं थांबले.

"हां. और तेरे कू?"

किसनच्या वर कुणी नव्हतं. एकच होतं. तो खाली बघायला लागला. त्याच्या पाटीवरचं जोडाक्षर अर्धंच होतं.

मास्तर उठले. "मी..." एवढं बाहेर आलं. "मी..." आणि घसा बंद झाला. अमीन साहेब त्यांच्याकडं वळायला लागले.

मी आयुष्यात कधी चार माणसांत तोंड उघडलेलं नव्हतं. "मी शिकवतो त्याला, साहेब," मी म्हणालो.

ते माझ्याजवळ आले. माझ्या फुटलेल्या टाचांपासून मुंडाशापर्यंत त्यांनी मला बघितलं. "तू? और तेरे कू कौन पढ़ाया?"

याला मला खोटं बोलायची गरज नव्हती. मी यमूकडं बोट केलं.

अमीन साहेबांनी कागदाकडं बघितलं. पहिलं नाव यमूचंच होतं. त्यांनी एकदा वरून खाली वाचलं, एकदा खालून वर वाचलं. मग पेन्सिल कानावर ठेवली आणि यमूपुढं जाऊन मातीत बसले. बसताना गुडघे वाजले.

"दिखा," ते म्हणाले.

यमूनं आधी मास्तरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तिनं त्यांचं ते अंगठी घातलेलं जाड बोट मुठीत धरलं आणि धूळपाटीवर टेकवलं. बोट काही सरकेना.

"असं न्हाई," यमू म्हणाली. "ढिलं सोडा की. भ्यायले का?"

मास्तर अजून उभेच होते. बाहेरून जवानानं हाक मारली, "साहब, मास्टर मिला क्या? गाड़ी लाऊं?"

अमीन साहेबांनी पाटीवरची मान वर केली नाही.

"ठैर जा," ते म्हणाले. "सबक चालू है!"