उस्तादांची पाठ

उस्तादांचा चेहरा मी जितका पाहिला, त्याहून त्यांची पाठ जास्त पाहिली. तळेगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते मेंटेनन्सला होते आणि मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ. पत्रा कापणारी प्रेस बंद पडली की उस्ताद पान्यांची पेटी घेऊन यायचे, मशीनपुढे उकिडवे बसायचे आणि नेमके मोक्याच्या वेळी असे वळायचे, की मागच्याला निळा शर्ट आणि हलणारं कोपर एवढंच दिसावं. मी बाजूला सरकून डोकावले, तर मान न वळवताच म्हणायचे, "पोरी, जा, दोन चहा सांगून ये." मी परत येईपर्यंत प्रेस सुरू झालेली असायची. पहिल्या वर्षात मी इतके चहा सांगितले, की नव्या लोकांना मी कँटीनचीच वाटायची.

माणूस दुष्ट नव्हता हो. ईदला माझ्यासाठी शीरखुर्म्याचा वेगळा डबा आणायचा, मी उपाशी दिसले तर स्वतःची भाकरी मोडून द्यायचा. पण काम दाखवायचं म्हटलं की पाठ. एकदा मी चिडून विचारलंच. तर हसून म्हणाले, "आमचे उस्ताद मला विहिरीवर पाठवायचे. कळशी टाकून पळत आलो तरी काम झालेलं. आठ वर्षं लागली मला. हुनर मागून न्हाई मिळत पोरी, चोरावं लागतं."

चोरायचं तरी कसं? मी जवळच्याच नवलाख उंबरे गावची. आमच्या घरात भातखाचरं आणि म्हशी, पाना कुणी हातात धरलेला नाही. बरोबरची मुलं सुट्टीनंतर उस्तादांबरोबर टपरीवर बसायची, तिथं गप्पांत निम्मं काम उचलायची. मला ते जमणार नव्हतं. गावात दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला असता. माझ्याकडे फक्त फोन होता. बसमधून येता-जाता मी मशीनची पुस्तकं शोधून वाचायची, कुठल्या कुठल्या देशातल्या मेकॅनिकांचे व्हिडिओ बघायची. ती माणसं आपल्याकडे तोंड करून शिकवायची, याचंच मला आधी नवल वाटलं.

एका शुक्रवारी उस्ताद नमाजाला गावात गेले होते आणि मोठी नवी प्रेस थांबली. पडद्यावर बिघाडाचा नंबर आला होता. मी तो फोनवर टाकला, पुस्तकातलं पान सापडलं, एका व्हिडिओत हुबेहूब तशाच मशीनचं दार उघडलेलं दिसलं. तेलाचा दाब मोजणारा स्विच गाळाने अडकला होता. मेन स्विच बंद करून तो काढला, पुसला, बसवला. उस्ताद परत आले तेव्हा प्रेस धडधडत होती आणि सुपरवायझर सगळ्यांना माझं कौतुक सांगत होते.

उस्तादांनी मशीनवर हात ठेवून पाहिला. मग मला विचारलं, "किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं," मी म्हणाले. नुसतं म्हणाले नाही, मान ताठ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आठ वर्षांची गोष्ट मला पक्की माहीत होती. उस्ताद "चांगलं केलंस" एवढंच बोलले आणि पेटी घेऊन स्टोअरकडे गेले. ते उत्तर मला आजही खातं.

त्यानंतर काही बिघडलं की माझ्या नावाने हाक यायला लागली. मला फार आवडायचं ते, खोटं कशाला बोलू. फोन नसता तर मी अजून चहाच सांगत असते. उस्ताद मात्र स्टोअरपाशी स्टूल टाकून बसू लागले. त्यांच्याकडे उरली कोपऱ्यातली एक जुनी प्रेस. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. डायखाली, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली, पातळ पत्र्याचे तुकडे घालून ते ती जुळवायचे. थंडीत वेगळे, पावसाळी हवेत वेगळे. दुसऱ्या कुणी जुळवली की माल वाकडा.

एक दिवस माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्या फोनात बघ बरं, आमच्या कोपऱ्यातल्या म्हातारीचं काही लिवलंय का." मी बराच वेळ शोधलं. काही नव्हतं.

"न्हाईच असणार," ते म्हणाले. आधी खूश झाले. मग प्रेसकडे वळून म्हणाले, "म्हणजे मी गेलो की गेलंच की गं."

निवृत्तीच्या दिवशी, हारतुरे व्हायच्या आधी, त्यांनी मला त्या प्रेसपाशी बोलावलं. "काढ तुझा फोन. आज सगळं दाखवतो." मी व्हिडिओ सुरू केला. उस्ताद उकिडवे बसले, पत्र्याचे तुकडे हातात घेतले आणि नेमके मोक्याच्या वेळी वळले. जन्माची सवय ती. ते भरभरून बोलत होते, हा पत्रा इतकाच सरकवायचा, हितं बोट लावून बघायचं. मला दिसत होता निळा शर्ट. "उस्ताद, जरा सरका," एवढंच म्हणायचं होतं. चाळीस मिनिटं म्हणताना चुरूचुरू चाललेली जीभ त्या दिवशी उचलली नाही. वाटलं, शेवटचा दिवस आहे, कशाला टोकायचं. त्यांच्या घरी जाऊन निवांत विचारू.

ते जाणं लांबतच गेलं, आणि पावसाळा सरता सरता छातीत कळ येऊन उस्ताद गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची बायको, आमच्या चाची, म्हणाल्या, "घरी येऊन किती आनंदात होते त्या दिवशी. पोरीला सगळं दाखवून आलो म्हणाले, आता ते फोनात राहील." मी मान हलवली. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

प्रेस आम्ही खूप जुळवून पाहिली. मागच्या महिन्यात ती भंगारात गेली. आता माझ्या हाताखाली दोन मुली शिकतात. काम करताना मी मुद्दाम कडेला बसते, त्यांना माझे हात दिसावेत म्हणून. परवा त्यांना तो व्हिडिओ दाखवला. "मॅडम, यात काहीच दिसत नाही," एक जणी म्हणाली. खरंच दिसत नाही. फक्त ऐकू येतं. उस्ताद विचारतात, "दिसतंय ना, पोरी?" आणि लगेच माझाच आवाज येतो, "व्हय उस्ताद, दिसतंय."