एकाच तारेवरचे दोन वार्ताहर

कॅनडात जुनं सामान बेसमेंटमध्ये साठतं. आमचे किस्सेही तिथेच साठले. मिसिसागातलं आमचं घर, साल असेल शहात्तर-सत्त्याहत्तर. एका शाळेने काढून टाकलेला प्रोजेक्टर मी घेऊन आलो, त्याच्यासोबत एकच फिल्म मिळाली, तीही मुकी! तरी दर रविवारी जमणारी आमची मराठी मंडळी वर्षभर तीच बघत राहिली.

गोष्ट साधी. एक वार्ताहर, एक वार्ताहरीण. दोघं युद्धाच्या बातम्या द्यायला आलेले, पेपर वेगवेगळे, गावात तारेची लाइन मात्र एकच. आधी कोणाची बातमी जाणार यावरून भांडता भांडता प्रेमात पडतात. रणांगण एकदाही दिसत नाही, नुसता धूर.

"युद्ध कुठाय?" आमच्या हिने विचारलं.

"बजेटमध्ये बसलं नसेल!" मी म्हटलं.

*

मधेमधे येणाऱ्या संवादाच्या पाट्या सॅमसन पेणकर मराठीत वाचायचा. मूळचा अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे आपला मराठी ज्यू, एअरपोर्टवर कार्गोत नोकरी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, पण पडद्याशेजारी उभा राहिला की "बाई, तार आधी माझी!" असा गरजायचा.

पुण्याहून मुलाकडे आलेल्या जोशीआजी एकदा वैतागल्या. "अरे, एवढं प्रेम आहे तर दोघांनी मिळून एकच बातमी पाठवावी की!"

*

पेटी वाजवायची मोनिका. वसईची, नर्स, लग्न न केलेली. सॅमसनचा शनिवार देवाचा, मोनिकाची रविवार सकाळ देवाची. उरलेली रविवारची दुपार आमच्या वाट्याला यायची. खिडकीबाहेर हळूहळू बर्फ पडत असायचं, आत तिची पेटी.

तोफांना ती खालचे सूर दणदणा वाजवायची. पण पडद्यावरची दोघं जवळ आली की एकदम थांबायची. मी विचारलं, "अगं, तिथे तर म्युझिक पाहिजे!"

"एवढं जवळ गेल्यावर माणसाला पेटी ऐकू येते का?"

त्या दिवशी सॅमसन पुढच्या दोन पाट्या वाचायलाच विसरला.

*

एकदा बर्फाच्या वादळात लाइट गेले. गाड्या बाहेर काढायची सोय नव्हती, म्हणून सॅमसन आणि मोनिकाने उरलेली गोष्ट मेणबत्तीत बसून तोंडीच सांगितली. तो नायक, ती नायिका. तारेचा खांब, धूर, पावसातली ती एकच छत्री... शपथेवर सांगतो, आम्हाला सगळं दिसलं!

लाइट आल्यावर माझी मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज द बेस्ट शो!"

*

मग सॅमसनची कॅलगरीला बदली झाली. जायच्या आधीचा रविवार. मोनिका वेळेवर आली, सरळ पेटीवर जाऊन बसली.

नायक आघाडीवर निघतो, स्टेशनवर तिचा निरोप घेतो, तिथेच फिल्म तुटली. पडदा पांढराशुभ्र. मी घाईघाईने जोड द्यायला बसलो. बाकी कोणी हललं नाही.

सॅमसन पडद्याशेजारी तसाच उभा होता. त्या कोऱ्या पडद्याकडे बघत त्याने वाचायला सुरुवात केली.

"मला कॅलगरीला जायचं नाही."

जोशीआजी कुजबुजल्या, "मागच्या वेळी हे नव्हतं गं!"

"वय झालंय. धर्म वेगळा आहे. लोक काय म्हणतील, माहीत नाही." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पण इथून गेलो, तर माझ्याशी बोलायला कोणी उरणार नाही."

पेटीचा भाता मिटत मिटत बंद झाला. मोनिकाही पडद्याकडेच बघत होती.

"पुढची पाटी वाचा," ती म्हणाली.

माझा जोड देऊन झाला होता. फिल्म प्रोजेक्टरवर चढवलेली होती, बोट बटणावर होतं.

मी बटण दाबलं नाही.