हळदीच्या मांडवात पॅरिसची गत

"ऐकू द्या की," एवढंच तो म्हणायचा. क्लॅरिनेटचं तोंड सदऱ्याच्या टोकानं पुसायचं, डोळे मिटायचे आणि समोरच्याला गप्प करायचं. मला गप्प बसायची सवय नाही. मी पत्रकं लिहिणारी बाई. बालविवाहाविरुद्ध, अंधश्रद्धेविरुद्ध, रोज कशा ना कशाविरुद्ध. त्याच्यापुढं मात्र बसले.

परभणीकडं लग्नाला गेला असाल तर हा बँड मास्तर तुम्हीही पाहिला असेल. लाल कोट, एक बटण तुटलेलं. वरातीतली पोरं कितीही ओरडली तरी चेहरा एसटीची वाट बघणाऱ्या माणसाचा.

त्याला पॅरिस मी दाखवलं, मोबाइलवर. शंभरेक वर्षांपूर्वी तिथं एका बॅलेचा पहिला प्रयोग झाला. म्हातारे गोल बसतात, एक मुलगी निवडतात आणि वसंतासाठी ती मरेपर्यंत नाचते, अशी गोष्ट. संगीत इतकं अडनिडं की प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. नाचणाऱ्यांना वाद्यं ऐकू येईनात, म्हणून नाच बसवणारा विंगेत खुर्चीवर चढून तालाचे आकडे ओरडत राहिला. मी म्हटलं, हा तर आपला बालविवाह! हेच गावोगाव करायचं.

मास्तरनं दोनदा सगळं ऐकलं.

"हे म्हातारे लय ओळखीचे हायेत. पन गत लंगडी हाय, ताई. चालती, थांबती, मधीच उडी मारती. पार बेजार करती."

"मग जमणार नाही?"

"ऐकू द्या की."

महिनाभरात त्यानं ती गत दोन क्लॅरिनेट, एक ढोल आणि मेहुण्याच्या हलगीवर बसवली. नाचायला आमच्या गटातली कॉलेजची मुलगी. पहिला प्रयोग कुठं करायचा तेही त्यानंच ठरवलं.

सेलू तालुक्यातलं एक गाव. तिथं सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही तक्रार केली होती; कागदावर वय बरोबर बसवलेलं, चौकशीला आलेली माणसं चहा पिऊन परत गेली. लग्नाची सुपारी मास्तरकडं होती. "हळदीला पोरींचा नाच ठिवतो," असं त्यानं मुलीच्या बापाला सांगितलं. मला वाटलं, वा! थेट मांडवात प्रबोधन!

नाच सुरू झाला. लोक आधी हसले. "मास्तर, पिपाणीला सर्दी झालीय का?" एकानं विचारलं. मग हलगी शिरली. संथ, तुटक. बायकांनी पोरं जवळ ओढली. एक म्हातारा ताडकन उठला.

"मयताचं वाजवायलाय रे! हळदीच्या मांडवात मयताचं!"

मग खुर्च्या उडाल्या. ढोल फुटला. आमची मुलगी नाचायची थांबेना आणि मास्तर वाजवायचा थांबेना. मी माइकवरून ओरडत होते, "ही पॅरिसची कला आहे!" कोण ऐकतं? सकाळी नवरदेवाकडून निरोप आला. अपशकुन झाला, आम्ही येत नाही. लग्न मोडलं. आठवड्याभरात मास्तरच्या सगळ्या सुपाऱ्याही मोडल्या. मांडवात मयताचं वाजवणाऱ्याला लग्नाला कोण बोलावणार?

मला संताप आला. लग्न थांबलं याचा आनंद, पण थांबलं कशामुळं? अपशकुनामुळं! मी रातोरात पत्रक लिहिलं: 'गावकऱ्यांनो, डोळे उघडा! ते मयताचे वादन नव्हते. ते जगप्रसिद्ध पाश्चात्त्य संगीत होते. अपशकुन काही नसतो!' पाचशे प्रती छापल्या आणि मास्तरच्या घरी नेल्या. म्हटलं, तुमच्या नावावरचा डाग धुऊन निघेल.

त्यानं अक्षरावर बोट ठेवत पत्रक वाचलं आणि घडी घातली.

"वाटू नका."

"का?"

"लोकांनी बरोबर वळखलं. मयताचंच व्हतं. तिथं पोरगी मरती ना? मंग आमच्यात मेल्यावर जे वाजवतेत तेच घातलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी वाजवू दिलं नसतं." मग हळूच म्हणाला, "हे वाटलं की परवा वरात दारात. अपशकुन न्हाई, तर लगीन मोडायचं कारन काय ऱ्हायलं?"

मी गठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिले. पत्रकातलं निम्मं खोटं होतं आणि निम्मं, अपशकुनाचं, शंभर टक्के खरं. आणि नेमकं ते खरं लोकांत वाटायचं नव्हतं. काय करणार होते मी? तुम्ही काय केलं असतं?

पत्रक नाही वाटलं.

तो हंगाम त्याला एकही लग्न मिळालं नाही. पुढचाही कोरा गेला. शेवटचा भेटला पाथरीच्या स्टँडवर, लाल कोट पिशवीत कोंबलेला. पोराकडं निघाला होता, नांदेडला, कुठल्याशा गोदामावर राखणीला.

मला राहवलं नाही. "मास्तर, तुम्ही अंधश्रद्धा पसरवली, कळतंय का?"

"हाव," तो म्हणाला. "लय पसरवली." आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर खळखळून हसला. गाडी लागली, तो मागचं दार धरून चढला. हात वगैरे काही केला नाही.

लग्न मोडायचं हे त्यानं आधीच ठरवलं होतं की गतच तिकडं वळली, मला नक्की सांगता येत नाही. लग्न मोडलेली ती मुलगी अकरावीत आहे. गावात तिला 'मयताची नवरी' म्हणतात, हेही मला माहीत आहे. अंधश्रद्धेवरची भाषणं मी अजून जिल्हाभर देते. त्या गावात मात्र जात नाही, आणि इथंही गावाचं नाव लिहिलेलं नाही. मुलगी अठराची व्हायला अजून आठ महिने आहेत.