दोन गाठींची बाटली

पेणच्या तहसील कचेरीबाहेर मी गेली सव्वीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यात आजवर एकाही साहेबाने खोट काढलेली नाही, हे नम्रपणे नमूद करतो. अशा माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातली एक फळी वाचता येऊ नये, हे लिहिताना हात जड होतो.

त्या फळीवर माझ्या पत्नीच्या बाटल्या आहेत. ती जाऊन दोन पावसाळे झाले. रिकामी बाटली भंगारवाल्याला देणे तिला कधीच पटले नाही. सरबताची जड, गोल बाटली ती पोह्यांचे पापड लाटायला घेई. लाटण्याला पीठ चिकटते, काचेला नाही, असे तिचे म्हणणे. औषधाच्या बाटलीत पाणी भरून, झाकणाला खिळ्याने भोके पाडून, ती तुळशीच्या मुळाशी उलटी रोवी. आम्ही दोन दिवस परगावी गेलो तरी तुळस सुकत नसे. बाटलीच्या कमरेला रॉकेलमध्ये भिजवलेली सुतळी गुंडाळून ती पेटवी आणि लगेच गार पाण्यात बुडवी. टच्च आवाज होऊन बाटली बरोबर सुतळीवर तुटे. दगडावर कड घासून केलेल्या तशाच एका पेल्यात माझी पेने आजही उभी आहेत.

माझ्या शाईच्या बाटल्यांत मात्र ती बियाणे ठेवी, चुलीच्या राखेत घोळवून. तिला लिहिता येत नव्हते. कोणत्या बाटलीत काय आहे, हे कळावे म्हणून ती गळ्याला गाठी मारलेला दोरा बांधी. अर्ज लिहिणाऱ्याच्या घरी हे शोभत नाही, असे मला एकदा वाटले. मी सगळे दोरे कापले, तिला विचारून सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि डकवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर चिठ्ठ्यांच्या वर दोरे पुन्हा हजर.

"हे काय?" मी विचारले.

"तुमच्या चिठ्ठ्या ऱ्हाऊ द्या की. त्या तुमच्यासाठी. माझ्या हाताला दोरा कळतो."

मी बराच वेळ बोललो, कारण तो दोरा माझ्या दप्तरातला, कागदपत्रे शिवण्याचा होता.

यंदा मृगाच्या आधी फळी पुसायला घेतली, तेव्हा चिठ्ठ्या कसरीने खाल्लेल्या आढळल्या. दुधी आणि पडवळ बी पाहून ओळखता आले. दोन बाटल्यांत मात्र तवशाचे बी होते, म्हणजे पावसाळ्यातल्या मोठ्या काकडीचे. एकीतले इथले पेणचे, दुसरीतले तिच्या माहेरचे, खांबकडचे. गौरींना ती तेच माहेरचे तवसे किसून, रवा-गूळ घालून धोंडस भाजत असे, आणि सारे घर गुळाच्या वासाने भरून जाई. माहेरी आता शेती करणारे कोणी उरले नाही, त्यामुळे ते बी असलेच तर माझ्या फळीवर होते. दोन्ही शेजारी लावले तर भुंगे दोहोंची जात एक करतात. एका बाटलीला एक गाठ होती, दुसरीला दोन; त्यांतली माहेरची कोणती, ते कळेना.

दोन्ही बाटल्या पंच्यात गुंडाळून मी एसटीने रोह्याला गेलो, तिच्या थोरल्या बहिणीकडे.

"भावजी," आक्का म्हणाल्या, "आख्ख्या तालुक्याची कागदं वाचता, नि बायकोच्या दोन गाठी वाचता येत नाय व्हय?"

"आक्का, तेवढ्यासाठीच आलो आहे."

त्यांनी दोन गाठींची बाटली हातात फिरवली. दोऱ्यावरून अंगठा नेला आणि तिथेच ठेवला.

"एक गाठ म्हंजे तिचं एकटीचं, पेणला जमवलेलं. दोन गाठी म्हंजे आमी दोघी. आयशीनं दोघींना वाटून दिलेलं बी हाय ह्ये. माझं कवाच किडीनं खाल्लं. तिला बोलले व्हते, मला थोडं परत दे गो. ती बोलली, पुढच्या साली."

त्या बाटलीतली राख कागदावर ओतली. पाच बिया निघाल्या. दोन त्यांना दिल्या, तीन घेऊन मी परतलो.

त्यांच्या दोन्ही रुजल्या नाहीत. माझी एक रुजली. रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी मी मांडवाखाली उभा राहत असे. वेल वाढला, फुले गळाली, आणि अखेर एकच तवसे धरले.

गौरींच्या दिवशी सूनबाई किसणी घेऊन परसात आल्या. "बाबा, काढू ना? धोंडस करायचंय."

"नको. ते बियाण्याचे आहे."

 त्यांनी आत जाऊन किसणी खुंटीला अडकवली. यंदा धोंडस झाले नाही.

ते तवसे आता वेलावरच पिकून तांबूस पडले आहे. शाईची एक बाटली धुऊन, उन्हात वाळवून मी तयार ठेवली आहे. चिठ्ठी डकवणार नाही. माझ्या दप्तरातला दोरा हातभर कापून घेतला आहे आणि गाठी मारण्यासाठी आक्कांना बोलावले आहे. एक मारावी की दोन, हे त्यांनी मला विचारू नये, एवढीच विनंती.