लग्न ठरलं, तरी नाकाचं ऑपरेशन केलंच

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. एका शनिवारी दुपारी घरी कुणालाही न सांगता मी घाटकोपरला एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात जाऊन बसलो...

वय सव्वीस. राहायला बोरिवली, नोकरी चारकोपच्या एका कारखान्यात सुपरवायझरची. आणि चेहऱ्याच्या मधोमध हे भलंमोठं, उंचवटा आलेलं नाक. शाळेपासून सगळे 'पोपट' म्हणायचे. मीही हसायचो... हसण्यावाचून करणार काय?

त्यात महिन्यापूर्वी एका स्थळाकडून नकार आला होता. मध्यस्थानं कारणही सांगून टाकलं... मुलगा चांगला आहे हो, पण नाक!

डॉक्टर वयस्कर होते. नाक आतून-बाहेरून तपासलं आणि विचारलं, "हे कुणासाठी करायचंय?" मी नकाराचं सांगितलं. "मग आत्ता नाही. तीन महिन्यांनी ये. तेव्हाही वाटलं, तर बघू."

जाम चिडलो. पण ठरवलं, तीन महिने तर तीन महिने... येणार म्हणजे येणार.

गंमत अशी, की मधल्या काळात मुलुंडच्या सुनंदाचं स्थळ आलं आणि तिनं चक्क होकार दिला! साखरपुड्यानंतर मी तिला ऑपरेशनचं सांगितलं. ती म्हणाली, "मला चालतंय ना तुमचं नाक? मग कशाला?"

"तुला चालतंय गं. मला नाही चालत."

ती म्हणाली, "करा मग. पण माझ्यासाठी केलं, असं कुणाला सांगू नका."

घरी बाबा भडकले. आयुष्य गिरणीत गेलेला मालवणी माणूस. "बापयमाणसाक कित्याक व्हयी ही थेरां? लोक म्हणतले, ह्येच्या झिलान नाक कापून घेतल्यान!" पुरुषाला कशाला हवीत ही थेरं, मुलानं नाक कापून घेतलं असं लोक म्हणतील, हा त्यांचा राग. त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलणं बंद.

तीन महिन्यांनी डॉक्टरांना सांगितलं, लग्न ठरलंय, तरीही करायचंय. ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "उंचवटा थोडा ठेवणार. पुरुषाचं नाक फार कोरीव केलं, की चेहरा उसना वाटतो. आणि सूज पूर्ण उतरायला वर्षसुद्धा लागेल. लग्नात हीरो दिसशील, असं समजू नकोस."

म्हटलं, चालेल.

ऑपरेशन झालं. नाकात बोळे, वर प्लास्टर, डोळे काळेनिळे सुजलेले, श्वास तोंडानं... दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बाबा उभे. हातात पेजेचा डबा.

"दुखता?"

मी मान हलवली... नाही.

"मगे गप पेज पी." चमचा त्यांनीच तोंडाशी धरला.

आज इतकी वर्षं झाली. नाक तसं अजूनही मोठंच आहे. कारखान्यातल्या अर्ध्या लोकांना तर फरकही कळला नव्हता. मला कळला... बास झालं.

डॉक्टर आता नाहीत. पहिल्याच दिवशी ते हो म्हणाले असते, तर एका अनोळखी मुलीच्या नकारापायी मी टेबलावर जाऊन पडलो असतो. मला परत पाठवल्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले... ते आज इथे मानतो.