बादलीभर शिंपल्या

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. बाबा इंग्लंडमधल्या लेस्टरच्या होजिअरी फॅक्टरीत कामाला, आई घरी शिवणकाम करायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात मी प्रोजेक्टसाठी स्कॉटलंडच्या एका लहान बेटावर गेले. आमच्या कॉलेजच्या मॅडम मूळच्या हवाई बेटांवरच्या. बेटावरच्या शिंपल्या कमी होत चालल्या होत्या, आणि आपला किनारा आपणच कसा सांभाळावा हे ठरवायला लोकांनी मॅडमना बोलावलं होतं. मला शिंपल्या मोजायच्या होत्या, पण लोकांनी हो म्हटलं तरच. नाहीतर वर्ष वाया.

पहिल्याच सकाळी ओहोटी बघून मी बादलीभर शिंपल्या खणून आणल्या. वाटलं, मॅडम खूश होतील. धक्क्यावर एक आजीबाई जाळं दुरुस्त करत होत्या. त्यांनी बादलीत डोकावून विचारलं, "कुणाला विचारलंस गं?"

"युनिव्हर्सिटीचं पत्र आहे," मी म्हटलं.

"अस्सं! शिंपल्यांना वाचता येतं वाटतं!"

शेजारचे दोघं हसले. मला मात्र बाबांचा चेहरा दिसू लागला; वर्ष वाया गेलं तर त्यांना काय सांगणार?

मॅडमना जाऊन सांगितलं, तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडे घेण्याआधी विचारतात. माणसांना, आणि समुद्रालाही. हक्क आणि जबाबदारी, दोन्हीला आमचा एकच शब्द आहे, कुलेआना. हक्क तुला अजून मिळालेला नाही. जबाबदारी मात्र आत्ताच आली. चल."

आम्ही ओल्या रेतीत एकेक शिंपली परत ठेवू लागलो. थोड्या वेळाने आजीबाई खाली आल्या. "अशा पसरून नको ठेवूस, पक्षी खातील. खोच," म्हणाल्या आणि स्वतःच वाकल्या.

दुपारी फोनबूथवरून आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, माझ्या माहेरच्या खाडीवर बारक्या शिंपल्या, तिसऱ्या म्हणतो आम्ही त्यांना, परत टाकल्याशिवाय कुणी घरी यायचं नाही."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्या कॉलेजात शिकवत असतील."

संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये सगळे जमले. मी उभी राहिले. पाठ केलेलं भाषण आठवेना. एवढंच म्हणाले, "सकाळी न विचारता घेतल्या, चुकलं माझं. आता विचारते. मोजू का? मोजून तिथेच परत ठेवीन."

मग मागून आजीबाईंचा आवाज आला.

"उद्या माझी बादली ने. तुझी फार मोठी आहे."